कप्तानाचं घर

काका सुट्टीवर आले की जिंतूरच्या बसस्टँडवरून घरी पोचायला त्यांना तासभर लागायचा. अंतर चालत दहा मिनिटांचं. पण पानाच्या ठेल्यापासून कापडाच्या दुकानापर्यंत जो तो अडवून एकच विचारायचा, "काय मालक, कप्तान झालात का नाही?" काका ट्रंक खाली ठेवायचे, घाम पुसायचे आणि दरवर्षीचं उत्तर द्यायचे, "मी इंजिनाकडचा हो. इंजिनवाला जहाजाचा कप्तान होत नसतो." विचारणारा समजल्यासारखी मान हलवायचा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच प्रश्न.

यात गावाचा दोष नव्हता. जिंतूरला रेल्वेसुद्धा नाही, समुद्र तर फार लांबची गोष्ट. आमचं पाणी म्हणजे पूर्णा नदी, चारठाण्याची बारव आणि साठीच्या दशकात झालेलं येलदरीचं धरण. धरण पहिल्यांदा तुडुंब भरलं तेव्हा आजीनं काठावर उभं राहून हात जोडले होते. तिच्या लेखी समुद्र तो एवढाच, आणि तिचा थोरला लेक असल्याच एखाद्या पाण्यावर नोकरीला होता.

आजोबांना घरादारानं अण्णा म्हणायचं. ते निजामाच्या राज्यातले वतनी पटवारी, शिक्षण सगळं उर्दूतून. मराठी घरी शिकलेले, कीर्तनातून आणि पोथ्यांतून. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता, पण समुद्राच्या गोष्टी त्यांच्याकडे भरपूर होत्या. त्यातली एक दर उन्हाळ्यात व्हायचीच. निजामाकडे हिरे होते, रेल्वे होती, स्वतःचं नाणं होतं, पण बंदर नव्हतं. इंग्रज निघायच्या सुमारास त्याच्या माणसांनी मुरगाव बंदरासाठी पोर्तुगिजांशी बोलणी लावली होती. "हा गोवा खरीदायला निघाला होता," अण्णा सुपारी कातरत म्हणायचे, "आणि इथं पावसाळ्यात पलीकडच्या गावी दस्त तपासायला जायचं तर आम्हाला म्हशीची शेपटी धरावी लागे." १९४८ च्या सप्टेंबरात फौजा आल्या, चार-पाच दिवसांत राज्यच गेलं आणि बंदराची गोष्ट सुपारीच्या डब्यात उरली.

पटवारीपणाबद्दल अण्णा फारसं बोलत नसत. एकदाच बोलले, आणि काकांच्या नोकरीवरून बोलले. म्हणाले, "गावातला एकूण एक बांध मला पाठ. कुणाची विहीर कुणाच्या हद्दीत सरकली, कोणत्या आंब्याखाली दगड पुरलाय, सगळं. जमाबंदीला तहसीलदार यायचा, त्याला यातलं काही ठाऊक नसायचं. तो मलाच विचारायचा आणि मी सांगितलेलंच हुकूम म्हणून लिहायचा. आता सांग, तहसीलदार कोणी व्हायला पाहिजे होतं?" मी अर्थातच म्हटलं, तुम्ही. अण्णा हसले. "नाही. मी झालो असतो तर प्रत्येक बांधाशी थांबलो असतो. तालुका राहिला असता बाजूला."

हे खरं की स्वतःची समजूत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वतनी पटवाऱ्याला तहसीलदार व्हायची वाटच नव्हती. वाट नसली की माणूस तिथं जाण्यात काही अर्थ नव्हता असं म्हणायला शिकतो. पण अण्णा तसे कुढणारे नव्हते, म्हणून त्यांचं बोलणं मी अगदी टाकूनही देत नाही.

काका १९६२ साली इंटर सायन्स करून, औरंगाबादहून परीक्षा देऊन नौदलात गेले. गेले ते लोणावळ्याला. घरात आनंद झाला आणि थोडा गोंधळही, कारण नकाशात लोणावळ्याला समुद्र सापडेना. तिथं 'आयएनएस शिवाजी' आहे, म्हणजे नाव जहाजाचं पण असते जमिनीवर, भुशी धरणाच्या पुढे डोंगरात. १९४५ च्या फेब्रुवारीत इंग्रजी अमदानीतच ती सुरू झाली. नौदलाचे इंजिनवाले तिथं घडतात. अण्णांना यातली एक गोष्ट भारी आवडली होती. जमिनीवरच्या या जहाजाचा प्रमुख इंजिनियरच असतो. "म्हणजे जे जहाज हलत नाही," अण्णा म्हणाले, "त्याचा कप्तान तुला होता येईल." काका म्हणाले, "हो अण्णा, तेवढं होता येईल."

काकांचा कान विलक्षण होता. एका सुट्टीत शेतातल्या विहिरीवरचं डिझेल इंजिन नीट चालेना. सालगडी म्हणाला, पंपात खडा असंल. काकांनी पेचकस मागवला. त्याचं लोखंडी टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, लाकडी मुठीवर कान दाबला आणि डोळे मिटले. इंजिन धडधडत होतं, आम्ही पोरं गप्प. पेचकस बोटभर सरकवला, पुन्हा कान. तिसऱ्या जागी ते थांबले, बराच वेळ. मग मला जवळ ओढून माझा कान तिथं लावला. हाडातून आवाज डोक्यात शिरला. आधी नुसता गोंगाट, मग त्या गोंगाटाखाली एक बारीक टकटक, ठोक्याला ठोका चुकवणारी, दाराशी कुणी संकोचून कडी वाजवावी तशी. "बेअरिंग," काका म्हणाले. "तेल बदललं नाही वर्षभर." इंजिन उघडलं तर तेच.

जहाजावर ते हेच करत. फक्त इंजिन घराएवढं असे आणि आवाज पन्नास. त्या काळची मोठी जहाजं वाफेवर चालत. बॉयलरच्या खोलीतली उष्णता सांगताना ते म्हणत, जिंतूरचा मे महिना एका कपाटात कोंडला तर जसं होईल तसं. वरून, म्हणजे ब्रिजवरून, घंटा वाजायची, काटा फिरायचा, 'हाफ अहेड'. का, ते कुणी सांगत नसे. सांगायला वेळ नसतो. इतकी वर्षं जहाजावर काढून काकांनी समुद्र फार थोडा पाहिला. ते पाण्याच्या पातळीखाली होते.

नौदलाची घडण काकांनी मला पहिल्यांदा समजावली ती ओसरीवर, कोळशानं फरशीवर रेघा ओढून. एक शाखा हुकूम चालवणाऱ्यांची, तिला एक्झिक्युटिव्ह म्हणतात. दुसरी इंजिनांची, तिसरी विजेची, चौथी शिक्षणाची. युद्धनौका फक्त पहिल्या शाखेच्या हाती. बाकीच्यांनी कितीही मोठं व्हावं, व्हाइस ॲडमिरलपर्यंत जावं, जहाज त्यांचं होत नाही. पुढं वाचताना एक गंमत सापडली. १९२८ साली त्या वेळच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये पहिला हिंदी अधिकारी दाखल झाला, डी. एन. मुखर्जी. ते इंजिनियर होते. म्हणजे आपला पहिला माणूस ज्या दारानं आत शिरला त्या दारातून जहाजाच्या ब्रिजकडे जाणारा जिनाच नव्हता. हिंदी माणूस नौदलाच्या प्रमुखपदी बसायला त्यानंतर तीस वर्षं लागली. २२ एप्रिल १९५८ ला रामदास कटारी बसले. ते एक्झिक्युटिव्ह शाखेचे, पाणबुडीविरोधी लढाईतले तज्ज्ञ.

एक्झिक्युटिव्हमध्येही पुन्हा पोटशाखा. ब्रिजवर पहारा करायला शिकून झालं, थोडी वर्षं समुद्रावर गेली, की अधिकाऱ्याला एक विद्या निवडावी लागते. नॅव्हिगेशन, तोफखाना, सिग्नल आणि दळणवळण, पाणबुडीविरोधी लढाई. कोचीला लांबलचक कोर्स होतो आणि माणसाला एक अक्षर चिकटतं. तो 'एन' होतो किंवा 'जी' किंवा 'सी'. याखेरीज विमानवाले आणि पाणबुडीवाले, त्यांची दुनियाच निराळी. काकांची या अक्षरांबद्दल मतं ठाम होती, आणि ती इंजिनवाल्याची मतं होती हे ध्यानात ठेवून ऐकायची. तोफेचा माणूस कप्तान झाला तर नाश्त्याच्या टेबलावरसुद्धा ओरडून बोलतो. सिग्नलचा माणूस संदेश पाठवला की काम झालं असं समजतो. पाणबुडी शोधणारा रात्रभर ऐकत बसतो आणि सकाळी संशयी होतो. "आणि नॅव्हिगेशनचा?" मी विचारलं. काका म्हणाले, "तो कागदावर रेघ ओढतो आणि जहाज त्या रेघेवर नसलं तर जहाजावर रागावतो." अण्णा खदखदून हसले होते. त्यांना आपले नकाशे आठवले असणार.

चेष्टा बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतो. एका विद्येत दहा-बारा वर्षं मुरलेला माणूस सगळ्या जहाजाचा धनी व्हायला लायक असतो का? आपल्याकडच्या प्रमुखांची यादी पाहिली तर अक्षर कोणतंही चालतं असं दिसतं. १९८७ ते १९९० प्रमुख असलेले जयंत नाडकर्णी नॅव्हिगेशनचे. त्यांच्यामागून आलेले लक्ष्मीनारायण रामदास, जे निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले, ते दळणवळणाचे. पण जुनी आणि नवी विद्या यांत फरक पडतो. १८ मे १९६१ ला 'विक्रांत'च्या डेकवर पहिल्यांदा विमान उतरवणारे भारतीय वैमानिक राधाकृष्ण ताहिलियानी. तेच १९८४ मध्ये प्रमुख झाले, या खुर्चीत बसलेले पहिले वैमानिक. मध्ये तेवीस वर्षं. पहिली पाणबुडी 'कलवरी' १९६७ च्या डिसेंबरात नौदलात दाखल झाली, पहिले पाणबुडीवाले प्रमुख विजयसिंह शेखावत १९९३ मध्ये. सव्वीस वर्षं. हेलिकॉप्टरवाल्याला तर २०१९ उजाडावं लागलं, तेव्हा करमबीर सिंह आले. नवी विद्या आली की तिचा माणूस वरच्या मजल्यावर पोचायला पाव शतक जातं, असा माझा हिशेब. मला यात कटकारस्थान दिसत नाही. नव्या विद्येचा पोरगा लेफ्टनंट म्हणून शिरतो, त्याचे केस पांढरे व्हायला तेवढाच काळ लागतो. शिवाय त्याला मध्येच कॉकपिटमधून उतरून ब्रिजवर उभं राहायला शिकावं लागतं. जो उतरत नाही तो उत्तम वैमानिक म्हणून निवृत्त होतो.

इथं बढतीचा सगळा गुंता आहे. कमांडरपर्यंतची पायरी आता वर्षांवर मिळते. २००४ च्या अखेरीस नियम बदलले, तेव्हापासून तेरा वर्षं झाली की कमांडर. कॅप्टनपासून पुढे मात्र निवड. निवड न झालेल्याला सव्वीस वर्षं भरल्यावर कॅप्टनचा हुद्दा मिळतो, पण पुढची शिडी संपलेली असते. निवड करणारे बघतात ते तुम्ही समुद्रावर जहाज चालवलं का, आणि कसं. जहाजं मोजकी, उमेदवार ढीगभर, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमांड येते ती थोड्या महिन्यांची. आता एखादा तज्ज्ञ इतका हुशार असतो की शाळेवर शिकवायला तोच हवा, मुख्यालयात नव्या यंत्राच्या चाचणीलाही तोच हवा. वर्षं सरतात. चालत्या बैलालाच आर टोचतात, तसं. मग निवडीच्या टेबलावर कागद येतो तेव्हा दिसतं की या गृहस्थानं समुद्रावर फार कमी दिवस काढले. त्याला ज्यांनी जमिनीवर रोखून धरलं त्यांची सही त्या कागदावर नसते.

काका कमांडर झाले ते या नियमांच्या आधी, १९७८ च्या आसपास, निवडीनं. तार आली. अण्णांनी पेढे वाटले आणि मग खरी पंचाईत झाली. गावात बातमी गेली की पटवाऱ्याचा पोरगा कमांडर झाला, म्हणजे आता कमांड करणार. शाळेत हेडमास्तरांनी माझा हात धरून विचारलं, "कोणतं जहाज मिळालं?" मी घरी येऊन काकांना पत्र लिहिलं. उत्तर पोस्टकार्डावर, दोनच ओळी. "कमांडर हा हुद्दा आहे, कमांड हे काम आहे. मला पहिलं मिळालं आहे." हेडमास्तरांना मी पोस्टकार्ड दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नम्र आहेत हो फार."

अण्णांचा इलाज गोष्टीचा होता. त्या उन्हाळ्यात काका आल्यावर त्यांनी लाय पाटलाची गोष्ट काढली. ती आम्ही कीर्तनात ऐकलेली होती, पण अण्णांच्या तोंडून ती निराळी व्हायची. शिवाजी महाराजांच्या काळी जंजिऱ्यावरच्या एका मोहिमेत मोरोपंत पेशव्यांनी लाय पाटील या कोळ्यावर कामगिरी सोपवली. रात्री सिद्दीच्या तटाला शिड्या लावायच्या, मागून फौज येईल. लाय पाटलानं मूठभर माणसं घेऊन काळोखात, लाटांवर हलणाऱ्या होड्यांतून तटाला शिड्या भिडवल्या. फौज वेळेवर आली नाही. उजाडायला लागलं तेव्हा त्यानं शिड्या काढून घेतल्या आणि माणसं जिवंत परत आणली. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. लाय पाटलानं हात जोडून सांगितलं की आम्ही समुद्रातली माणसं, पालखी घेऊन काय करू. तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवलं, त्याचं नाव 'पालखी' ठेवलं आणि ते त्याला दिलं.

ही परंपरेनं आलेली गोष्ट. बखरीच्या तराजूत ती किती भरेल ते इतिहासकार सांगतील. पण तिच्यात एक नाजूक समज आहे. दरबारात बढतीचं एकच नाणं चालत होतं, पालखी. ते नाणं समुद्रावर चालत नाही हे दोघांनाही कळलं, आणि महाराजांनी लाय पाटलाला त्याच्या विद्येतून उचलून दुसरीकडे न बसवता त्याच्या विद्येलाच मान चढवला. जमिनीवर त्यांची रीत वेगळी होती. किल्ल्यावर हुकूम हवालदाराचा, हिशेब सबनिसाचा, कोठार कारखानिसाचं, म्हणजे एकाच्या हाती सगळं नाही. आरमाराचे धनी मात्र समुद्रावर वाढलेले. सभासदाच्या बखरीत दर्यासारंग आणि मायनाक भंडारी ही नावं येतात, एक मुसलमान आणि एक भंडारी. आणि हुकूम एकाचा, रसद दुसऱ्याची असली की काय होतं त्याचा कागदच आहे. १६७५ च्या जानेवारीत, पद्मदुर्गाला वेळेवर रसद पोचवली नाही म्हणून महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं पत्र. इतकं कडक पत्र मराठीत क्वचित सापडेल. पद्मदुर्गावरचे लोक लढायला तयार होते, धान्य आणि पैका जमिनीवर अडला होता.

गोष्ट संपल्यावर अण्णांनी काकांना विचारलं, "तुझ्या नौदलात कुणाला 'पालखी' देतात का?" काका विचारात पडले. मग म्हणाले, "इंग्रजांनी एकदा देऊन पाहिली, आणि परत घेतली."

ही हकिकत मी पुढं वाचून काढली. इंग्रजांच्या नौदलात इंजिनियरांच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये कित्येक दशकं जांभळी फीत असे, लांबूनच कळावं की हा खालचा. १९०२ साली जॅकी फिशर या खटपट्या ॲडमिरलनं, मंत्री सेलबोर्न यांच्या नावानं, योजना आणली. सगळी पोरं एकत्र घ्यायची, एकत्र शिकवायची, आणि इंजिनाकडे वळलेल्यालाही पुढं कमांडची वाट मोकळी ठेवायची. पहिलं महायुद्ध झालं, आणि विशीच्या दशकात ती वाट बंद केली. दिलेला शब्द मोडला असं समजून अनेक इंजिनियर आयुष्यभर धुमसत राहिले. अमेरिकेनं त्याआधीच, १८९९ मध्ये, कायद्यानं इंजिनियरांना लढाऊ अधिकाऱ्यांत विलीन केलं. पण त्यांच्याकडेही पुढं इंजिनकामापुरते निराळे अधिकारी झालेच. त्यांतलाच एक हायमन रिकोव्हर. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी ज्याच्या हट्टामुळे झाली तो माणूस बढतीच्या यादीतून दोनदा वगळला गेला. तिसऱ्या वेळी, १९५३ मध्ये, अमेरिकन संसदेनं डोळे वटारले तेव्हा तो रिअर ॲडमिरल झाला. मग त्यानं सूड उगवावा तसं केलं. अणुपाणबुडीचा कप्तान व्हायचं तर अणुभट्टी आतून बाहेरून आली पाहिजे, असा दंडक घातला. इंजिनियरला कप्तान करता येत नव्हतं तर कप्तानाला इंजिनियर केलं. इंग्रजांनी तसं केलं नाही. तिथं कप्तान हुकूम चालवणारा, अणुभट्टी इंजिनियरांच्या हाती. दोन्ही देशांच्या पाणबुड्या चालतात. त्यामुळे यात शहाणा कोण, हे मला सांगता येत नाही.

काकांनी मात्र एका रात्रीबद्दल सांगितलं होतं, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर. अण्णा तेव्हा नव्हते. आम्ही दोघं येलदरीच्या भिंतीवर बसलो होतो, पाणी सोडत होते. सांगितलेली रात्र ९ डिसेंबर १९७१ ची. त्या रात्री जिंतुरात आम्ही खिडक्यांना कागद चिकटवून रेडिओपाशी बसलो होतो. काका कोणत्या जहाजावर आहेत ते ठाऊक नव्हतं. दीव बेटाजवळ 'खुकरी' ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या शोधात होती. 'खुकरी'वर नौदलाच्या विद्युत शाखेतला एक तरुण अधिकारी होता. पाण्याखालचा आवाज जास्त लांबून ऐकू यावा म्हणून त्यानं सोनारमध्ये सुधारणा केली होती आणि त्या रात्री तिची चाचणी चालली होती. त्या यंत्राला जहाज संथ चाललेलं हवं, आणि पाणबुडीसमोर संथ चालणं म्हणजे निशाण होऊन बसणं. 'हंगोर'नं टॉर्पेडो सोडला. 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. तो तरुण अधिकारीही परतला नाही.

काका म्हणाले, "सोनारवाल्याला संथपणा हवा. त्याचं चुकलं नव्हतं, त्याची विद्या तेच सांगते. मी असतो तर वेग मागितला असता, माझ्या टर्बाइनला तो सोसतो म्हणून. तोफवाल्याला अंतर हवं, सिग्नलवाल्याला वाटतं कुणी काही बोलू नये, शत्रू ऐकतो. सगळे खरं बोलतात. कप्तानाला या सगळ्या खऱ्यांतून एकच आकडा काढावा लागतो, इतके नॉट्स. आणि तो आकडा चुकला तर त्यालाच जहाजाबरोबर खाली जावं लागतं." मग थोडा वेळ धरणाच्या पाण्याचा आवाज ऐकत बसले. त्यांचा कान तिकडेच होता. "मला तो आकडा काढता आला असता का, हे मला कधी कळलं नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नाही ना."

त्यांची पुढची पायरी, कॅप्टनची, आली नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. १९८९ मध्ये ते कमांडर म्हणूनच जिंतूरला परतले, ट्रंक आणि तो पेचकस घेऊन.

निवृत्तीतही त्यांचा नौदलाचा नाद सुटला नाही. वर्तमानपत्रात नौदलाचं काही आलं की कात्री चालायची. १९७१ मध्ये 'कामोर्ता' चालवणारे सिग्नलचे मनोहर आवटी फलटणजवळ विंचुर्णीला राहायला आले, आणि तिथून त्यांनी शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची कल्पना नौदलाच्या गळी उतरवली, याचं काकांना फार कौतुक. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली छप्पन्न फुटांची 'म्हादेई' घेऊन निघाले तेव्हा काका रोज नकाशावर टाचणी हलवत. दोंदे मूळचे पाणबुडे, म्हणजे डायव्हर. एकदा टाचणी सरकवता सरकवता काका म्हणाले, "बघ, हाच इंजिनवाला, हाच नॅव्हिगेटर, हाच आचारी आणि हाच कप्तान. भांडायला कुणी नाही."

२०२३ च्या डिसेंबरात प्रेरणा देवस्थळींचं कात्रण आलं. तेव्हा काकांचे डोळे अधू झालेले, मी वाचून दाखवलं. १९९२ मध्ये रामदास प्रमुख असताना स्त्रिया अधिकारी म्हणून नौदलात आल्या, पण ठरावीक शाखांत, जहाजापासून लांब. देवस्थळी आल्या २००९ मध्ये, विमानात ऑब्झर्व्हर झाल्या. टीयू-१४२ आणि पी-८आय या टेहळणी विमानांवरच्या त्या पहिल्या स्त्री ऑब्झर्व्हर. तिथून 'आयएनएस चेन्नई'वर फर्स्ट लेफ्टनंट, आणि मग 'आयएनएस त्रिंकत' या छोट्या युद्धनौकेची कमांड. भारतीय युद्धनौकेची पहिली स्त्री कप्तान. काकांनी मला तो भाग पुन्हा वाचायला लावला, विमानातून जहाजावर कशा आल्या तो. "उतरली," ते म्हणाले. "विमानातून उतरली म्हणून मिळालं. आणि बाई म्हणून उतरायला आधी जिनाच नव्हता, तो झाला म्हणून." मग म्हणाले, "जहाज छोटं आहे म्हणून नाक मुरडू नकोस. छोट्या जहाजावर कप्तानाला इंजिनाचा आवाज ऐकू येतो."

गेल्या पावसाळ्यात काकांच्या औषधांचं पार्सल यायचं होतं. कुरिअरवाला पोरगा नवा, औंढ्याकडचा. त्याला पत्ता सापडेना, फोन आला. मी खुणा सांगायला लागलो, बँकेच्या मागची गल्ली, कडुलिंबाचं झाड. तो मध्येच म्हणाला, "थांबा थांबा, इथं टपरीवाले सांगतायत, कप्तानाच्या घराजवळ का?"

मी काही म्हणायच्या आत काकांनी फोन मागितला. "अरे बाबा, कप्तान नाही," ते म्हणाले. "इंजिनियर. इंजिनवाला."

पोराचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. "हाव हाव, तेच ते. आलोच साहेब."